अकरा वर्षांचं तूप

नवऱ्याचं नाव आमी बाया घेत नसतो, पन तुमाले समजलं पाहिजे म्हून एकदाच घेते. इंद्रभान. झालं. आता पुढं मी 'हे' म्हनीन नाईतर 'गोपालचे बाबा' म्हनीन, तेवढं सांभाळून घ्या.

तर ह्याईची झोप उडाली. अशी तशी नाई, पार उडाली. चार महिने झाले, माणूस उघड्या डोळ्यानं पडते अन् उघड्या डोळ्यानंच उठते. दिवसा वावरात गेले तर एकाच सरीले तीनदा पानी देते अन् बाजूची सरी कोरडीच. वांगे तोडाले बसले तर एक वांगं हातात धरून पंधरा मिनिटं त्याच्याकडं पाह्यत राह्यते. मोताळ्याच्या बाजारात मिरचीचं पोतं घेऊन गेले अन् तेच पोतं घेऊन वापस आले. मी म्हनलं, "काहो, गिऱ्हाईक नाई भेटलं?" तर म्हनते, "उतरवाचं इसरलो." आता तुमीच सांगा, बाजारात जाऊन पोतं उतरवाचं इसरते का कोनी?

जेवन म्हनाल तर दोन घास. बोलनं म्हनाल तर 'हाव' अन् 'नाई'. माणूस वाळून वाळून खुंटीवरच्या सदऱ्यावानी दिसाले लागला. माह्या जिवाले घोर लागला, खोटं कायले सांगू. पस्तीस वर्षं ह्या माणसासोबत भांडून राह्यली मी, आता भांडाले समोर कोनी उरते का नाई, असं वाटाले लागलं.

हे कवापासून सुरू झालं म्हनाल, तर तूर काढल्यापासून. त्याच आठवड्यात माह्या धाकट्या दिराचं, उद्धवभाऊचं, अकोल्याले छातीचं आपरेशन झालं होतं. पन त्याचा अन् ह्याचा काई संबंध नाई. अकरा वर्षं झाले, त्या घरासोबत आमचं बोलनं बंद हाय. त्याईचं घर दोन गल्ल्या सोडून हाय, पन मी तिकडून पाय टाकत नाई. चक्कीवर जाचं असलं तरी दळनाचा डबा घेऊन मारुतीच्या पाराले वळसा घालून जाते.

काऊन बंद, ते बी सांगते. माह्या पोरीचं, अनुपमाचं, डोहाळजेवन होतं. वाढाची सारी जिम्मेदारी माह्या धाकट्या जावेकडं, शकुंतलाकडं. अन् तिनं काय केलं? माह्या मायले पहिल्या पंगतीत बसवाचं सोडून दुसऱ्या पंगतीत बसवलं! सत्तर वर्षांची बाई, पोरीची सख्खी आजी, अन् तिच्या आंधी गावातल्या पोट्ट्या जेवून हात धुवून मोकळ्या. चार मान्सात आमचा मान गेला. मी त्याच रोजी ह्याईले शपथ घातली, "त्या घराची पायरी चढाल, नाईतर त्याईच्यासोबत एक शब्द बोलाल, तर माह्या मेल्याचं तोंड पाहाल." गरीब माणूस. तवापासून पायरी चढले नाई अन् बोलले बी नाई. आपरेशनच्या रोजी अकोल्याले गेले होते म्हने. दवाखान्याच्या फाटकापाशी दोन तास उभे राह्यले अन् एस्टीनं वापस आले. हे मले आमच्या गोपालनं सांगलं. मी म्हनलं, बरं केलं, शपथ म्हंजे शपथ.

उपाय मी कमी केले नाई. दुधात जायफळ उगाळून पाजलं. तळपायाले खोबऱ्याचं तेल चोळलं. मीठ-मिरच्या उतरवून चुलीत टाकल्या, तर त्या ठसक्यानं सारी गल्ली खोकली अन् हे जसेच्या तसे बसून. शेवटी माही शेजारीन रुखमाबाई म्हने, "अवं, शाळेत श्रद्धा म्याडमचं शिबिर हाय. ने त्याईले. पैसे बी लागत नाई." श्रद्धा म्याडम म्हंजे खामगावची पोरगी, आयुर्वेदाची डाक्टर. आमच्या धामणगावात दवाखाना टाकून दोन वर्षं झाले तिले. सकाळी सहाले योगासनं अन् मंग भाषन, पाच दिवस. फळ्यावर लिहिलं होतं, 'मनाच्या दुःखाचं मूळ'.

गेलो आमी दोघं. म्याडमनं शवासन सांगलं तर पाच मिनिटात सारं गाव घोराले लागलं. सरपंच तर असे घोरत होते का शाळेची पोट्टी खिडकीत गोळा झाली. अन् आमचे हे? वर पत्र्याकडं टकामका पाह्यत. ज्याईले झोपीची गरज नाई ते झोपले अन् ज्याच्यासाठी आलो तो जागा, असं आमचं नशीब.

मंग म्याडमनं समजावून सांगलं. "माणसाच्या मनाला पाच क्लेश छळतात," म्हने. "अविद्या म्हणजे खरं काय ते न दिसणं. अस्मिता म्हणजे मीपणा. राग म्हणजे एखाद्या गोष्टीची ओढ. द्वेष म्हणजे जुनं दुखणं आठवून आठवून धरून ठेवलेली अढी. आणि अभिनिवेश म्हणजे जिवाला कवटाळून बसणं. आता घरी जा, निवांत बसा आणि ह्यातलं काय काय दिसतं ते कागदावर लिहून आणा. उद्या मी वाचणार आहे."

मी सातवी पास हाय. लिहाले घाबरत नाई. घरी येऊन चहा ठेवला अन् एका बैठकीत लिहून काढलं.

'एक. अविद्या. शकुंतला. पहिली पंगत कोनती अन् दुसरी कोनती हे दिसत नाई. दोन. अस्मिता. शकुंतला. फ्रीज घेतला तवा गल्लीतून दिसावा म्हून आठ दिवस पुढच्या खोलीत ठेवला होता. तीन. राग. शकुंतला. सोन्याची लय ओढ. चार. द्वेष. शकुंतला. मले पाहून तोंड फिरवते. मी आंधी फिरवते, पन ती बी फिरवते. पाच. अभिनिवेश. ह्याचा अर्थ ध्यानात राह्यला नाई, पन शकुंतला.'

ह्याईच्या कागदावर पाह्यलं तर मधोमध एकच शब्द, 'उद्धव'. मी म्हनलं, ह्या बह्याड माणसाले प्रश्नच समजला नाई.

दुसऱ्या दिवशी म्याडमनं सारे कागद वाचले. माहा कागद दोनदा वाचला. मंग मले बाजूले घेऊन म्हने, "काकू, ह्या शकुंतलाबाईंना एकदा दवाखान्यात घेऊन या. पाचही क्लेश एकाच माणसात मी पहिल्यांदाच पाहतेय."

मले लय बरं वाटलं. शिकलेल्या मान्साले कशी लगेच पारख होते, पाहा! मी म्हनलं, "ती नाई याची, म्याडम. तिले कोनी सांगत नसते." म्याडम हसली. "मग तुम्ही दोघं तरी या," म्हने.

दवाखान्यात म्याडमनं ह्याईची नाडी पाह्यली. लय वेळ पाह्यली. जीभ पाह्यली, डोळे पाह्यले, झोप कवापासून नाई ते इचारलं. हे म्हनते, "तूर काढल्यापासून." मंग म्याडम म्हने, "काकू, आता तुम्ही हात द्या."

"मी कायले देऊ? मले काय झालं? दोन भाकरी खाते, भुईले पाठ टेकली का झोपते."

"घरातल्या दुसऱ्या माणसाची नाडी पाहिल्याशिवाय मी औषध देत नाही. माझी पद्धत आहे."

देल्ला हात. म्याडमनं डोळे मिटले अन् लगेच उघडले. म्हने, "आमच्या शास्त्रात एक शब्द आहे, प्रज्ञापराध. बरोबर काय ते माणसाला आतून माहीत असतं, तरी तो चूक तेच धरून बसतो. पुष्कळ दुखणी तिथून सुरू होतात. भूक, तहान, झोप हे वेग अडवायचे नसतात. पण लोभ, क्रोध, मान हे अडवायचे असतात. लोक नेमकं उलटं करतात."

मी ह्याईले कोपरानं ढोसलं. "आयकलं का? तुमच्यासाठी सांगून राह्यली ते."

म्याडमनं ब्राह्मी लिहून देल्ली, मिरची बंद केली, वांगं बंद केलं. वांग्याच्या वावरात राहून वांगं बंद! अन् शेवटी म्हने, "मुख्य औषध म्हणजे जुनं गाईचं तूप. दहा वर्षांपेक्षा जुनं पाहिजे. रोज दोन थेंब नाकात सोडायचं. दुकानात मिळतं, पण खात्री देता येत नाही. गावात कुणाच्या घरी आहे का बघा."

दहा वर्षांचं तूप! आमच्याकडं! अवं माय, आमी पुरनपोळीवर वाटीनं तूप ओततो. आमच्या गावात तूप दहा दिवस टिकलं तर लोक इचारते, घरात कोनी आजारी हाय का? तरी मी गावभर फिरली. एकीकडं होतं ते मागच्या पोळ्याचं. रुखमाबाईनं मोठ्या मानानं माळ्यावरून मडकं काढलं, झाकन उघडलं, तर आत डालडा, अन् डालड्यात मुंग्या.

मंग तीच म्हने, "जुनं तूप गावात एकाच घरी हाय वं. मागच्या साली माह्या नातवाचा पाय भाजला तवा मी आनलं होतं बोटभर. पन तुले सांगू का नको?"

"सांग न."

"शकुंतलाकडं."

मी म्हनलं, "मंग तू जाऊन आन. माहं नाव घेऊ नको."

"नाई बाप्पा," रुखमाबाईनं कानाले हात लावले. "औषधाचं तूप विकत घेत नाई अन् दुसऱ्याच्या हातानं मागवत नाई. ज्याच्या घरात दुखनं, त्यानंच जाऊन मागा लागते. मधात तिसरं मान्स आलं का ते लागू पडत नाई. तुले माहीत नाई का?"

माहीत होतं. आमच्या गावात ही रीतच हाय.

घरी येऊन ह्याईले म्हनलं, "जा तुमीच. तुमचा भाऊ हाय." हे पहिल्यांदा माह्याकडं नीट पाह्यले. म्हनते, "मी कसा जाऊ? तुही शपथ हाय न." एवढंच म्हनले अन् भिंतीले टेकून बसले. त्याईच्या मानेच्या दोन्ही शिरा वर आल्या होत्या. गोऱ्हा विकल्यावर गाय जशी बसते तसे बसले होते. ते पाह्यलं अन् म्हनलं, मरू दे माहा मान. डबा घेतला अन् निंघाली.

पाराले वळसा घालाची इतक्या वर्षांची सवय, पाय तिकडंच वळे. त्याईले दटावून सरळ गल्लीत आनलं. उद्धवभाऊ ओसरीत खाटेवर बसून होते. शेंगा फोडून राह्यले होते. मले पाह्यलं अन् हातातली शेंग तशीच राह्यली. "वहिनी?" म्हनले. उठाले गेले तर मीच हातानं बसा म्हनलं. सदऱ्याच्या गळ्यातून छातीवरची शिवन दिसत होती, बोट बोट जाड. मले वाटलं होतं बारीक काई असंन.

शकुंतला दारात आली. केस पिकले होते. म्हने, "कोन पाहिजे?" जशी मी ओळखीचीच नाई!

"तूप पाहिजे," मी म्हनलं.

"दुकान तिकडं हाय."

"दुकानातलं नाई पाहिजे. जुनं पाहिजे. ह्याईची झोप गेली. म्याडमनं नाकात घालाले सांगलं."

"भाऊजीच्या नाकात?"

"नाई तर काय तुह्या नाकात?"

उद्धवभाऊले हसू आलं अन् हसताना छाती धरली. शकुंतला त्याईच्यावर वरडली, "हसू नका, टाके तुटतीन!" चार महिन्यांनंतर कायचे टाके तुटते, पन ते लगेच गप बसले. मंग ती आत गेली. फळीवरचे डबे इकडून तिकडं सरकवल्याचा आवाज आला. चिनीमातीची एक बरनी घेऊन आली, तोंडाले फडकं बांधलेलं. माह्यासमोर ठेवली. मी फडकं सोडलं तर असा वास आला का डोळ्यात पानी आलं. पिवळं कुठचं, पार लाल झालं होतं.

"किती वर्षांचं हाय?" मी इचारलं.

"अकरा."

"एवढी वर्षं ठेवलं कसं वं? आमच्याकडं तर..."

"खाता येत नव्हतं म्हून ठेवलं," ती म्हने. "अनुपमाच्या बाळंतपनाचं हाय. डिंकाच्या लाडवाले. कपिला गाय होती तवा आमची. चार महिने लोनी साठवलं अन् कढवलं. पोरगी झाली कळल्याबरोबर बरनी घेऊन तुमच्या दारी आली मी. तुमी आतून कडी लावली. कडीचा आवाज आला मले. उभी राह्यली थोडा वेळ अन् वापस आली. बाळंतिनीच्या नावाचं तूप, आपल्या पोराईले कसं खाऊ घालू? फेकता बी येईना. राह्यलं मंग."

त्या लेकराचं, अर्पिताचं, नाव आता संग्रामपूरच्या शाळेत सहावीत हाय. तेवढी मोठी झाली ती. तेवढंच जुनं ते तूप.

मी भुईवरच बसली. रडू आलं, अन् आलं ते दाबलं बी नाई.

मंग म्हनलं, "शकुंतला, मले माहीत होतं."

"काय?"

"मायचं. त्याच रोजी संध्याकाळी मायनं सांगलं होतं. म्हने, तुह्या जावेनं तर हाताले धरून पहिल्या पंगतीत वढलं, मीच नाई बसली. माहे गुडघे आखडले होते, भुईवर बसता येत नव्हतं, म्हून खुर्ची रिकामी होईपर्यंत थांबली. तुहा काईच कसूर नव्हता. पन तवरोक मी चार बायांत बोलून बसली होती. ह्याईले शपथ घालून बसली होती. आता खाली कसं उतराचं? आज जाऊ, उद्या जाऊ म्हनता म्हनता तू बरनी घेऊन आली, तर लाजेनं कडी लावली. मंग माय बी गेली."

हे मी कोनाले सांगलं नव्हतं. तुमाले बी आंधी नाई सांगलं, दुसऱ्या पंगतीचंच सांगलं. म्याडमनं डोळे मिटून लगेच उघडले ते काऊन, हे मले त्या भुईवर बसल्यावर समजलं.

शकुंतला पदरानं नाक पुसत म्हने, "मले बी माहीत हाय, मोठ्याबाई. तुमची माय जायच्या आंधी एक डाव आली होती माह्याकडं. म्हने, मी सांगलं पोरीले, येईन ती. मी वाट पाह्यत राह्यली."

"मंग तू काऊन नाई आली?"

"एकदा आली होती न! दुसऱ्यांदा कायले येऊ? मले काई इज्जत नाई का?"

"मोठी इज्जतवाली! दोन गल्ल्या तर होत्या!"

"तुमाले बी दोनच होत्या!"

आमी दोघी रडून बी राह्यलो अन् वरडून बी राह्यलो. उद्धवभाऊ मधातच म्हनले, "वहिनी, दादा कुठी हाय?"

मी बाहेर पाह्यलं. गल्लीच्या तोंडाशी, विजेच्या खांबाले धरून उभे. माह्या मागं मागं आले होते अन् तिथंच थांबले होते.

"या न आत!" मी वरडली.

"शपथ?" ते तिथूनच म्हनले.

"काई मरत नाई मी! या!"

आले. पायरीपाशी चप्पल काढली, पायरी चढले, अन् खाटेवर भावाच्या बाजूले बसले. मले वाटलं आता गळ्यात पडतीन, रडतीन. कायचं! हे म्हनले, "बरं हाय?" ते म्हनले, "हाव." हे म्हनले, "दुखते?" ते म्हनले, "खोकलं का दुखते." अकरा वर्षांचं एवढंच बोलनं. मंग दोघं मिळून शेंगा फोडाले लागले.

आमी आत चहा ठेवला. साखर किती, ह्याच्यावरून पुन्यांदा जुंपली आमची. कपबशा घेऊन बाहेर आलो तर हे झोपले होते. बसल्या बसल्या. मूठभर शेंगा हातात, तोंड उघडं, अन् सारं डोकं उद्धवभाऊच्या छातीवर कलंडलेलं, नेमकं शिवनीवर. श्वास असा लागला होता का सदऱ्याची गुंडी हाले. उद्धवभाऊच्या डोळ्यातून पानी वाहून राह्यलं होतं.

मी घाबरली. कपबशा खाली ठेवल्या अन् ह्याईचं डोकं उचलाले गेली. उद्धवभाऊनं हात वर केला. एकदम हळू बोलले, छाती बी न हालवता.

"राहू द्या, वहिनी. दुखून राह्यलं, दुखू द्या. उठवू नका त्याले."